मंडळाची मोटर, शाळेचा कंट्रोलर

पुण्यातल्या गणेश मंडळांना माझी एक सूचना आहे. हलत्या देखाव्यातल्या मोटरी हळू-जलद करायला जे कंट्रोलर लागतात, ते यंदा बाजारातून आणू नका. मंडपापासून जी शाळा सर्वांत जवळ असेल, तिच्या आठवी-नववीच्या मुलामुलींकडून ते करून घ्या. सुटे भाग आणून, डाग देऊन, अगदी पहिल्यापासून. यात पैसे वाचतील असं मी म्हणत नाही. तपकीर गल्लीत तयार मोड्यूल दीड-दोनशे रुपयांत मिळतं. मुलांच्या हातून चार भाग उडाले की तेवढे पैसे त्यातच गेले. तरीही करून घ्या.

मला हे सांगायचा अधिकार एवढाच, की माझी सगळी नोकरी भोसरीला मोटर कंट्रोलच्या विभागात गेली. निवृत्त झाल्यापासून गणपतीच्या आधीचा महिना माझी खुर्ची आमच्या पेठेतल्या मंडळाच्या मंडपामागे असते, कारण तिथे मल्टिमीटर धरता येणारं कोणी तरी लागतंच. (पहिला सार्वजनिक गणपती कोणी आणि कुठल्या साली बसवला, हा वाद मी इथे काढणार नाही. काढला तर लेख मोटरीपर्यंत पोहोचायचाच नाही.)

हलता देखावा मागच्या बाजूने बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. समोर समुद्रमंथन चालू असतं किंवा कुंभकर्णाला उठवणं चालू असतं. मागे लोखंडी अँगलचा सांगाडा, त्यावर दांडे, बिजागऱ्या, सायकलच्या चेन आणि हे सगळं हलवणारी वायपरची मोटर. गाडीच्या काचेवरचा वायपर फिरवते तीच. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळते, वापरलेली चालणार असेल तर बुधवारी नाही तर रविवारी जुन्या बाजारात बघायची. बारा व्होल्टवर चालते. आत वर्म गिअर असल्यामुळे ताकद भरपूर, आणि वीज गेली की आहे तिथेच थांबते, कुंभकर्ण धाडकन मागे पडत नाही. तिच्यात आणखी एक गंमत आहे. नेहमीच्या छोट्या डीसी मोटरला दोन ब्रश असतात, हिला तीन. तिसरा ब्रश जरा सरकवून बसवलेला असतो. वीज त्याच्यातून दिली की मोटर जास्त वेगाने फिरते. पाऊस वाढल्यावर आपण स्टिअरिंगजवळची दांडी पुढे करतो तेव्हा आत एवढंच घडतं. म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स नसतानाही दोन वेग तिच्या पोटात आहेतच.

पण ते दोन्ही वेग पावसाच्या हिशेबाने ठरवलेले, कुंभकर्णाच्या नव्हे. त्यातला हळू वेग मिनिटाला चाळीस-पन्नास फेऱ्यांचा. मिनिटाला चाळीस वेळा उठून बसणारा कुंभकर्ण बघून लहान मुलंसुद्धा हसतात. त्याला कसं, सावकाश, जांभई देत उठायला हवं. वेग कमी करायचा, पण उचलायची ताकद कमी होऊ द्यायची नाही, हा खरा प्रश्न.

ज्यांचं बालपण वाड्यात गेलं त्यांना पहिलं उत्तर लगेच सुचेल: मध्ये रेझिस्टन्स घालायचा. पंख्याचा जुना रेग्युलेटर आठवा, भिंतीवरचा तो वीतभर काळा डबा. पंखा एकवर ठेवला की डबा कोमट व्हायचा. पंख्याला न मिळालेली वीज त्या डब्यातल्या तारेच्या वेटोळ्यात उष्णता होऊन जायची आणि तिचं बिलही आपणच भरायचो. हा घरगुती अडाणीपणा होता असं समजू नका. पुणे-मुंबई लोहमार्गावर १९२९ साली विजेची गाडी आली, १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली, त्या इंजिनांच्या मोटरीही याच तत्त्वावर आवरल्या जायच्या. वरच्या तारेत १५०० व्होल्ट डीसी. सुटताना मोटरी एकामागे एक जोडायच्या आणि मध्ये भलेथोरले रेझिस्टन्स घालायचे. वेग वाढत जाईल तसे ते एकेक करून काढायचे आणि मोटरी समांतर जोडायच्या. ड्रायव्हरच्या हातातल्या दांड्याला खाचा असायच्या आणि त्यांतल्या मोजक्याच खाचांवर इंजिन हवं तेवढा वेळ चालवता यायचं. मधल्या खाचेवर रेंगाळलं तर रेझिस्टन्स तापून लाल. खंडाळ्याचा घाट १ : ३७ चढाचा, मागून ढकलायला जादा इंजिनं, आणि ती अवजड गाडी ओढताना वेगाची निवड करायची ती अशी खाचाखाचांतून! आमच्या कंपनीत जुने लोक या विषयावर बोलायला लागले की जेवणाची सुट्टी संपायची.

कंट्रोलर करायला आमच्याकडे येणाऱ्या मुलांना मी आधी हाच चुकीचा रस्ता करून बघायला लावते. साधा पॉवर ट्रान्झिस्टर अर्धवट उघडायचा. बारा व्होल्टांतले सहा मोटरीला मिळतात, सहा ट्रान्झिस्टरवर राहतात. मोटर दोन अँपिअर घेत असेल तर सहा गुणिले दोन, बारा वॅट नुसते उष्णतेत. त्यांच्या हातातलं सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटचं आहे हे त्यांना माहीत असतं. ट्रान्झिस्टर थंड ठेवायला लावलेल्या हीटसिंकला बोट लावतात आणि गणित बोटाला कळतं. शिवाय भार आला की मोटर गुरगुरून थांबते, कुंभकर्ण अर्ध्यातच अडकतो.

मग दुसरा रस्ता. वीज कमी करायचीच नाही. पूर्ण द्यायची, पण तुकड्या-तुकड्यांनी. सेकंदात हजारो वेळा चालू-बंद. चालू असण्याचा वेळ आणि बंद असण्याचा वेळ यांचं प्रमाण बदललं की वेग बदलतो. यालाच पीडब्ल्यूएम म्हणतात. कुंभारवाड्यात पूर्वी चाक काठीने फिरवताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना वेगळं समजवावं लागत नाही: काठीचा जोर मधूनमधूनच मिळतो, चाक मात्र अखंड फिरतं. इथे मदतीला आणखी एक गोष्ट असते. मोटरीच्या गुंडाळीतला प्रवाह एकदम वाढत नाही आणि एकदम थांबायलाही तयार नसतो. स्विच बंद झाला तरी त्याला वाहायचं असतंच. त्याला वाट म्हणून मोटरीच्या दोन टोकांवर उलटा डायोड जोडायचा, प्रवाह त्यातून फिरून येतो. डायोड नसेल तर तोच प्रवाह व्होल्टेज चढवून स्विच फोडू बघतो. स्विचचं काम करणारा मॉस्फेट नावाचा ट्रान्झिस्टर काही काळ तग धरतो, मग जातो.

अरविंद गुप्तांची सेफ्टी पिनांची मोटर पुण्यातल्या अनेक मुलांनी केलेली असते. आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं जी खेळणी करून दाखवली, त्यांतलं हे बहुधा सर्वांत लाडकं: एक सेल, दोन सेफ्टी पिना, चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं. त्यातली मेख अशी, की तारेच्या टोकांवरचं इनॅमल सगळ्या बाजूंनी खरवडायचं नाही, एक बाजू तशीच ठेवायची. फेरीच्या काही भागात वीज मिळते, उरलेल्या भागात मिळत नाही, आणि वेटोळं आपल्याच वेगाने तो भाग ओलांडून जातं. पूर्ण खरवडलं तर ते तिथेच थरथरत राहतं. ज्या मुलाने ती मोटर केली आहे त्याच्या हाताने विजेला तुकडे पाडून झालेले आहेत, फक्त त्याला कोणी तसं सांगितलेलं नसतं. मी सांगते, आणि तिथून पुढे अर्धं काम सोपं जातं.

सर्किट म्हणाल तर अगदी जुनं. ५५५ नावाची आठ पायांची आयसी, हान्स कामेनझिंड या स्विस अभियंत्याने सिग्नेटिक्ससाठी १९७१ मध्ये आखलेली, १९७२ पासून बाजारात. आजही तपकीर गल्लीत चहाच्या भावात मिळते. तिला १०० के चा पॉट (म्हणजे फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टन्स), दोन छोटे डायोड आणि एक कपॅसिटर जोडला की ती चालू-बंदचा ठेका धरते. दोन डायोडांमुळे कपॅसिटर पॉटच्या एका बाजूने भरतो आणि दुसऱ्या बाजूने रिकामा होतो, म्हणून पॉट फिरवला तरी ठेक्याची लय तीच राहते, आतलं प्रमाण तेवढं बदलतं. पुढे स्विच म्हणून आयआरएफझेड ४४ एन जातीचा मॉस्फेट. पूर्ण उघडला की त्याचा रेझिस्टन्स सुमारे १७ मिलिओहम. दोन अँपिअरला जळणारी वीज वॅटचा दहावा भागसुद्धा नाही. मघाचे बारा वॅट आणि आता हे! हीटसिंकला बोट लावून बघितलेल्या मुलीने यावर म्हटलं, “आजी, हा चालूच नाहीये बहुतेक.” मोटर फिरत होती.

कपॅसिटर ०.०१ मायक्रोफॅरडचा घेतला तर सेकंदाला साधारण चौदाशे ठोके पडतात आणि मोटर त्याच सुरात शिट्टी वाजवते. आरतीच्या वेळी ही शिट्टी फार वाईट लागते. कपॅसिटर दहापटीने लहान केला की ठोके चौदा हजारांवर जातात. मला एकदम शांत वाटतं. मुलं कान झाकतात. या वयात वरचे सूर ऐकू येत नाहीत हे मला अशा रीतीने दर श्रावणात कळवलं जातं. मग आणखी वर, वीस हजारांच्या पुढे न्यायचं, म्हणजे सगळ्यांची सुटका. वनाजहून मेट्रो सुटताना खालून जो चढत जाणारा सूर येतो तो याच कुळातला, हे एकदा कळलं की मुलं गाडीत खिडकीऐवजी जमिनीकडे कान देऊन बसतात.

इथवर जे झालं ते टेबलावर. टेबलावर सगळंच चालतं. माझ्या सूचनेचं खरं कारण पुढे आहे.

मागे एकदा आमच्या देखाव्यात दोन मोटरी होत्या. एकीवर ढोल वाजवणारे राक्षस, त्यांना वेग कमी नको होता, म्हणून ती थेट जोडलेली. दुसरीवर कुंभकर्ण, तिला मुलांचा कंट्रोलर. टेबलावर सगळं झकास. सांगाड्यावर चढवलं आणि कुंभकर्ण सुसाट. पॉट शून्यावर आणला, तरी सुसाट. मुलांनी मॉस्फेटला चालू-बंद करणारी गेटची वायर काढली, फरक नाही. शेवटी वैतागून मॉस्फेटच बोर्डावरून उपटला. कंट्रोलरमध्ये स्विच उरला नाही आणि मोटर आपली पूर्ण वेगात चालू! मंडपामागे एकदम शांतता. एक जण हळूच म्हणाला, “आजी, बाप्पा चालवतोय का?”

मी काही सांगितलं नाही, मल्टिमीटर पुढे केला. तासभर गेला असेल. वायपरच्या कित्येक मोटरींत धातूचं अंगच मायनस असतं. गाडीत ते सोयीचं असतं, कारण गाडीची सगळी बॉडी मायनस. मुलांचा मॉस्फेट मोटर आणि मायनस यांच्या मध्ये बसलेला होता. पण ढोलवाल्या मोटरीचं अंगही मायनसला, तीही त्याच लोखंडी सांगाड्यावर, म्हणजे सगळा सांगाडा मायनस. कुंभकर्णाची मोटर सांगाड्याला नटबोल्टने आवळली त्याच क्षणी तिला मॉस्फेटला वळसा घालून थेट मायनस मिळाला. हे एका नववीतल्या मुलीने कागदावर काढून दाखवलं. मग सायकलच्या ट्यूबचे तुकडे मोटरीखाली घातले, बोल्टांना प्लॅस्टिकच्या नळ्या चढवल्या. पुन्हा चालू केलं. पुन्हा सुसाट! या वेळी वीज मोटरीच्या दांड्यातून, तिथून लोखंडी क्रँकमधून सांगाड्यात जात होती. नायलॉनचा बुश घातल्यावर कुंभकर्ण सावकाश उठला.

आता हाच प्रसंग तयार मोड्यूल आणलेल्या कार्यकर्त्यावर आला असता तर? त्यातही स्विच बहुतेक वेळा मायनसच्याच बाजूला असतो, म्हणजे तेच झालं असतं. तो दुकानात जाऊन म्हणाला असता, “पीस खराब आहे, बदलून द्या.” दुकानदाराने दिलाही असता. दुसराही खराब निघाला असता. शेवटी कोणी तरी म्हटलं असतं, राहू द्या, देखावा फास्टच ठेवा.

शाळांमध्ये सध्या जे चालतं त्याबद्दल मला याच कारणाने बोलायचं आहे. केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब २०१६ पासून आल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान, देशभरात १०,००० शाळा. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत ५०,००० लॅब सरकारी शाळांमध्ये काढायची घोषणा झाली. चांगलं आहे, मनापासून सांगते. माझ्या लहानपणी असं काही असतं तर मी शाळेतून घरी आलेच नसते. पण ज्या काही प्रयोगशाळा मी आत जाऊन बघितल्या, तिथे कपाटात सगळ्या तयार पट्ट्या: मोटर ड्रायव्हरची लाल पट्टी, सेन्सरची निळी पट्टी. वायरी टोचायच्या, संगणकावरून कोड टाकायचा, गाडी पळाली की टाळ्या. मुलं त्याला रोबोट म्हणतात आणि त्यात काही गैर नाही. पण मोटर आणि कोड यांच्या मध्ये जे घडतं ते त्या लाल पट्टीत बंद राहतं. पट्टी गरम झाली तर का झाली, हे विचारायची सोय नसते, कारण ती बदलायची असते.

आणि बदललेली पट्टी कोणाच्या नावावर? हा दुसरा आजार. कित्येक शाळा-कॉलेजांत भाग जळाला की रजिस्टरमध्ये नोंद आणि भरपाई विद्यार्थ्याच्या खिशातून. वीस-पंचवीस रुपयांच्या मॉस्फेटसाठी मूल आयुष्यभराची भीती घेऊन घरी जातं. मोटर कंट्रोलमध्ये भाग जळतात. कंपनीतही जळतात, फक्त तिथे त्याला टेस्टिंग म्हणतात आणि अंदाजपत्रकात त्याला जागा असते. प्रत्येक प्रयोगशाळेत जळालेल्या भागांसाठी वेगळा खर्च धरावा, आणि वर्षअखेर तो शिल्लक राहिला तर शिक्षकांना विचारावं, का राहिला. ‘काही जळलं नाही’ असं मला कोणी अभिमानाने सांगितलं, की मी ओळखते: कपाटाला कुलूप आहे.

मंडळाचं काम का, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात का नाही? कारण प्रदर्शनातला प्रयोग परीक्षक समोर उभे असतात तेवढा वेळ चालला की पुरे. देखावा दहा दिवस, रोज संध्याकाळी पाच-सहा तास चालावा लागतो. धुळीत, पावसाच्या शिंतोड्यांत, पेठेतल्या चढउतार करणाऱ्या विजेवर. तारीख पुढे ढकलता येत नाही, चतुर्थी कोणासाठी थांबत नाही. आणि गिऱ्हाईक खरं असतं, कार्यकर्त्यांना मार्क द्यायचे नसतात, त्यांना कुंभकर्ण उठायला हवा असतो. तो उठताना मोटर दमते आणि आडवा होताना पळते, हे पुस्तकातल्या मोटरीला कधी होत नाही. त्यावर आमच्या मंडळातले जुने कारागीर दांड्याच्या दुसऱ्या टोकाला लोखंडाचा तुकडा बांधून तोल साधतात. मुलं म्हणतात, वेग मोजून कंट्रोलरला परत कळवू. दोन्ही बरोबर आहे. पन्नाशीचा वेल्डर आणि चौदा वर्षांची मुलगी यावर तावातावाने भांडताना मी ऐकलं आहे, आणि त्या भांडणात मी पडले नाही.

ही कल्पना माझी नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला तो याच विचारावर. हाताने काम करता करता शिकायचं, आणि ते काम गावाला खरोखर लागणारं असलं पाहिजे. शाळेने गावाला सेवा द्यायची आणि गावाने तिचे पैसे मोजायचे. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे हवी ती वस्तू स्वतः बनवायची कार्यशाळा, २००२ मध्ये जगात कुठे उभी राहिली असेल तर ती पाबळला. आपल्याकडे गाव नाही, पेठ आहे. पेठेला लागणारं काम म्हणजे गणपतीचं. पाबळ इथून दीड-दोन तासांवर आहे आणि तरीही शहरातल्या शाळांना तिथलं काही घ्यावंसं वाटू नये, याला काय म्हणायचं ते मला माहीत आहे, पण वर्तमानपत्रात लिहिणार नाही.

मला तीन आक्षेप नेहमी ऐकवले जातात. पहिला मुलांच्या सुरक्षिततेचा, आणि तो रास्त आहे. म्हणून नियम सरळ: मुलांनी फक्त बारा व्होल्टच्या बाजूला हात लावायचा. २३० व्होल्टपासून बारा व्होल्ट करणारा एसएमपीएस मंडळाच्या इलेक्ट्रिशियनने बंद डब्यात बसवायचा, फ्यूज घालायचा, डबा मुलांनी उघडायचा नाही. पंख्याचा रेग्युलेटर किंवा दिव्यांचा डिमर उघडून ‘तसंच करून बघू’ हे तर अजिबात नाही. तो थेट मेनवर असतो. दुसरा आक्षेप अभ्यासाचा. यावर मी वाद घालत नाही. आठवी-नववीतल्या मुलांची श्रावणातली संध्याकाळ मोबाइलवर किती जाते ते त्यांचे पालक माझ्याहून जास्त जाणतात.

तिसरा आक्षेप जरा शहाण्या माणसांचा असतो: जे दोनशे रुपयांत तयार मिळतं ते करायला कशाला शिकवता, पुढचं शिकवा. याचं उत्तर मला रस्त्यावर मिळतं. हे स्कूटरचं शहर. जुन्या चेतकला सुरू होत नसली की एका बाजूला कलती करायची, मग किक, हे पुण्यात शाळकरी मुलालाही ठाऊक असायचं, आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिक ती अर्ध्या तासात उघडून दाखवायचा. आता आकुर्डीच्या बजाजची चेतक विजेवर आहे, आणखी कितीतरी कंपन्यांच्या विजेच्या दुचाकी रस्त्यावर आहेत, आणि प्रत्येकीच्या पोटात मोटरीचा कंट्रोलर आहे. छताचे पंखे ७०-७५ वॅटवरून तीसेक वॅटवर आले तेही आत बसलेल्या कंट्रोलरमुळे. १ जानेवारी २०२३ पासून पंख्यांवर स्टार सक्तीचे झाल्यावर तर ते आणखी घरांत पोहोचले. घरात, गाडीत, मेट्रोत सगळीकडे एकच वस्तू, आणि ती बिघडली की मेकॅनिक एकच वाक्य बोलतो: “कंट्रोलर गेला, बदलावा लागेल.” हजारोंचा खर्च. आतला एखादा मॉस्फेट गेला असेल, एखादा सांधा सुटला असेल, पण उघडून बघणारं माणूस नाही. विजेच्या गाड्यांचा कंट्रोलर मुलांनी उघडावा असं मी म्हणत नाही, तिथली बॅटरी खेळायची गोष्ट नव्हे. पण हे काम करणारी माणसं पुढच्या दहा वर्षांत लागणार आहेत, आणि औंधच्या आयटीआयपासून सीओईपीपर्यंत कुठेही ती शिकायला गेली तरी आधी कधी तरी त्यांच्या बोटाला बारा वॅट कळलेले असावेत.

तर मंडळांनी जुलैमध्ये, देखाव्याचा विषय ठरला की लगेच, शाळेत जावं. मुख्याध्यापकांना मोटरी किती, कुठली हालचाल हळू, कुठली जलद हे कागदावर लिहून द्यावं आणि एक मोटर तिथे ठेवून यावी. प्रत्येक मोटरीमागे दोन कंट्रोलर मागवावेत, एक चालवायला, एक राखीव. शाळेला सुट्या भागांचे पैसे आगाऊ द्यावेत आणि जळालेल्या भागांचेही, हिशेब न मागता. वर्गणीतून एवढं निघतं, डीजेच्या एका तासाच्या पैशांतही निघेल. मुलांना सांगाडा उभा राहताना मंडपात येऊ द्यावं, नुसती वस्तू पोहोचवायला लावू नये, कारण सगळ्यात जास्त शिकणं सांगाड्यावरच होतं. चतुर्थीच्या आधी दोन संध्याकाळी भारासकट सलग चालवून बघावं. आणि तरीही ऐन वेळी दगा दिलाच तर? आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी हेच विचारलं. मी त्यांना सांगितलं, दीडशे रुपयांचं तयार मोड्यूल आणून स्टोअरच्या कपाटात ठेवा. त्यांनी ठेवलं. ते गेल्या वर्षीपासून तिथेच आहे.